माहेरची धमकी

पाळण्याच्या दांडीवरचा काळा रंग काही केल्या निघेना. जगदेवीनं आधी राख घासून पाहिली, मग लिंबाची फोड फिरवली, आणि शेवटी लेकाला, शरणबसवला, पिटाळून टर्पेंटाइनची बाटली आणवली. गच्चीत डिसेंबरच्या उन्हात बसून तिनं तासभर फडकं चालवलं, तेव्हा कुठं काळ्याचा करडा झाला. त्यापुढं मात्र तो हटून बसला.

"ऱ्हाऊ द्या की आता जाऊबाई," धाकटी जाऊ चंद्रिका पापड वाळत घालता घालता म्हणाली. "टेंभुर्णीवाल्यांनी पाळण्याला तीट लावली म्हणायचं. दृष्ट तरी लागणार न्हाय."

"हळू बोल. सूनबाईच्या कानावर जाईल."

"तिच्या कानावर जायला काय उरलंय? खाली गाडी उभी हाय की. सगळी शुक्रवार पेठ सकाळपासनं बघून जायला लागलीय."

ते खरंच होतं. भुसार दुकानासमोर, बिराजदारांच्या दारात, भीमाशंकरची पांढरी गाडी उभी होती. नंबर कर्नाटकचा, आणि बॉनेटवर डबाभर डांबरी रंग. जगदेवीचा हा धाकटा भाऊ सीमेपलीकडं, इंडीकडच्या हायस्कुलात तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेला, शर्टाची घडी मोडू न देणारा माणूस. पाळणा त्यांच्या माहेरचा. जगदेवी त्यात झोपली, भीमाशंकर झोपला, शरणबसव झोपला. मधल्या काळात तो भीमाशंकरच्या नातवासाठी पुण्याला गेला होता, तो आणायला भीमाशंकर स्वतः गेला. टपावर दोरीनं बांधून परत येताना टेंभुर्णीच्या चौकात पोरांनी गाडीचा नंबर पाहिला आणि डबा उपडा केला. बॉनेटवर पडून उरला तो पाळण्यावर. भीमाशंकर काच वर करून शांत बसून राहिला. सोलापुरात पोचल्यावर त्यानं सगळ्यांना सांगितलं, "रस्त्यात रंगकाम चाललं होतं," आणि खरं काय ते फक्त बहिणीला सांगितलं. तिच्याकडून ते चंद्रिकेनं काढून घेतलं.

आता टेंभुर्णी म्हणजे दुसऱ्या कुणाचं गाव असतं तर जगदेवीनं चार शिव्या हासडून विषय संपवला असता. पण टेंभुर्णी सुनेचं माहेर. अंकिताचा भाऊ उदयसिंह तिथं चार टेम्पो चालवतो, आणि आज नातीच्या पाळण्याला, म्हणजे बारशाला, तो अकरा वाजता येणार होता. त्याची आई गुडघ्याच्या ऑपरेशनमुळं घरीच होती, तेव्हा माहेरचा म्हणून तो एकटाच.

आणि बिराजदारांच्या घरची रीत अशी, की आजीचा भाऊ पाळण्याच्या एका बाजूला बसतो, बाळाचा मामा दुसऱ्या बाजूला. बाळ पाळण्याखालून तीनदा याच्या हातातून त्याच्या हातात जातं, मग पाळण्यात निजतं, मग त्याच्या कानात नाव. दुसऱ्या घरांत हे काम बायकांचं असतं. इथं पुरुषांचं का, हे कुणालाच ठाऊक नाही. बाळाच्या आजोबाला, मल्लप्पाला, विचारलं तर तो म्हणायचा, "त्या दिवशी पुरुषांना दुसरं काम काय असतंय?" अडीच महिन्यांची पोर अजून घरात नुसती 'बाळ' होती. नाव ठरलेलं होतं, पण त्या दोन माणसांनी एकमेकांसमोर बसल्याशिवाय ते कुणी उच्चारायचं नव्हतं.

जगदेवी फडकं चालवत राहिली आणि मनातल्या मनात मागं मागं जात राहिली. रंग का टाकला? उदयसिंहाच्या टेम्पोवर सीमेपलीकडं दगड पडले म्हणून. केळी घेऊन गेलेल्या धुळा ड्रायव्हरच्या कपाळाला सहा टाके पडले होते. दगड का पडले? तिकडं मोठी सभा झाली, पोरं तापली म्हणून. सभा का झाली? सीमेवरच्या शिरगुंडी गावानं ग्रामसभेत ठराव केला, की या राज्यात आम्हाला पाणी नाही, रस्ता नाही, तेव्हा आम्हाला कर्नाटकात घाला. आणि शिरगुंडीनं असा ठराव का केला? टाकीत पाणी नव्हतं म्हणून.

शिरगुंडी म्हणजे बिराजदारांचं गाव. ठराव लिहिणारा माजी सरपंच मल्लप्पा बिराजदार म्हणजे जगदेवीचा नवरा. इतकं सगळ्यांना माहीत होतं. पण त्या ठरावातलं एक वाक्य टीव्हीवाल्यांनी महिनाभर लाल अक्षरांत फिरवलं होतं, 'इथं आम्हाला कुणी आपलं मानत नाही.' ते वाक्य मल्लप्पाचं नव्हतं. ते जगदेवीचं होतं, आणि हे फक्त नवरा-बायकोला ठाऊक होतं.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. तिनं कठड्यावरून वाकून पाहिलं. उदयसिंह जीपमधून उतरला, केळीचा घड आणि कापडाची पिशवी बाहेर काढली, आणि पांढऱ्या गाडीपाशी येऊन थबकला. नंबर वाचला. बॉनेटवर एक बोट फिरवून बोटाकडं पाहिलं. मग मान वर केली, तर वरून बघणारी जगदेवी त्याला दिसली.

"कळलं वाटतं त्येला," चंद्रिका म्हणाली.

"कळलं," जगदेवी म्हणाली आणि फडकं टाकून उठली.

ती खाली येईपर्यंत पुढच्या खोलीत माणसं बसली होती. भीमाशंकर खुर्चीत कन्नड वर्तमानपत्र उघडून होता. उदयसिंह दाराजवळच्या बाकावर टेकला होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. मल्लप्पा दोघांच्या मधे पंख्याखाली बसून घाम पुसत होता, डिसेंबरात. शरणबसवनं आपल्या परीनं ओळख करून द्यायचा घाट घातला.

"मामा, हा उदयदादा. लग्नात भेटला होता तुमाला."

"त्यानंतरही भेट झाली," भीमाशंकर म्हणाला. मराठी बोलायची वेळ आली की तो पुस्तकातल्यासारखी बोलायचा. "परवा चौकात आपण डाव्या बाजूला उभे होता. हातात डबा होता."

उदयसिंहाचे कान तांबडे झाले. "टाकला म्या न्हाय."

"डबा?"

"डबा आमच्या टेम्पोतला हुता," तो म्हणाला. खोटं बोलणं त्याला जमत नसे, हे त्यातल्या त्यात बरं होतं. "गाडीत कोन हाय ते दिसलं न्हाय. दिसलं असतं तर आडवा पडलो असतो. पण सर, माझ्या धुळाच्या कपाळाला सहा टाके हायत. दोन पोरी हायत त्येला. केळी घिऊन गेलता त्यो तिकडं, तलवार न्हाय."

"दगड मारणारी मुलं माझ्या ओळखीची नाहीत."

"सभा तुमच्याच गावात झाली न्हवं? भाशण तुमीच केलं. मोबाइलवर बघितलं म्या. कानडी कळत न्हाय मला, पर छातीवर हात ठिवून बोलत हुता, ते कळतंय की."

भीमाशंकरनं वर्तमानपत्राची घडी घातली. पुन्हा उलगडली. "भाषण मी केले. त्याबद्दल मला लाज वाटत नाही."

"मामा, तुमी फक्त एवढं म्हणा की दगडाचं वाईट झालं," शरणबसव मधे पडला, "आणि दादा, तू म्हण रंगाचं वाईट झालं. झालं की मग."

"तू गप ऱ्हा," दोघं एकदम म्हणाले. त्या सकाळी त्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट.

चंद्रिका दाराच्या चौकटीला टेकली होती. "आमची माणसं म्हातारी असली तरी त्यांना मान हाय म्हटलं," ती कुणाकडं न बघता म्हणाली. "कुणी बी यायचं आन डांबर ओतायचं!"

"कुणी बी न्हाय, काकू," उदयसिंह उभा राहिला. "मी तुमच्या सुनंचा भाऊ हाय. आन आता स्पष्टच बोलतो. अण्णा, तुमच्या गावानं लिहून दिलं की हे राज्य आपलं न्हाय. सरांनी तिकडं भाशण दिलं. उद्या आजून काय हुईल ते कुनाला ठावं? बाळ मी यांच्या हातनं घेणार न्हाय. अंकीला आन बाळाला घिऊन जातो टेंभुर्णीला. निवळू द्या सगळं. मग बघू."

"आरं, बसा की, सरबत तरी..." मल्लप्पा म्हणाला.

'मग बघू' म्हणून माहेरी गेलेल्या तीन लेकीबाळी जगदेवीनं याच पेठेत पाहिल्या होत्या. एकीचं पोर आता दहावीला होतं आणि बापाला ओळखत नव्हतं. ती आत वळली, कारण या घरात शेवटचा शब्द अंकिताचा असणार होता आणि अंकिता सकाळपासून बाहेर आली नव्हती.

अंकिता आतल्या खोलीत बसली होती. मांडीवर बाळ, पायाशी बॅग. बॅगेची चेन लावलेली होती.

"भावानं सांगायच्या आधीच भरलीस व्हय?"

"दादाच्या सांगण्यावरून मी कुठं जाणारी आहे का, अव्वा?" अंकिता बँकेत नोकरीला होती. बोलताना आवाज चढवत नसे, त्यामुळं तिचं बोलणं जास्त लागायचं. "दादानं डबा दिला ते चूकच. आत्ता आतून ऐकलं, त्याला मी धुणारच आहे. पण तुम्ही हे वाचलंय का?"

तिनं मोबाइल पुढं केला. जगदेवीला चष्म्याची गरज नव्हती. ते वाक्य तिला पाठ होतं.

"'इथं आम्हाला कुणी आपलं मानत नाही,'" अंकितानं वाचलं. "खाली सह्या आहेत. अण्णांची पहिली. मग मी कोण, अव्वा? मी नाही का आपलं मानलं? दीड वर्ष झालं या घरात. 'नीरु कोडी' म्हणून पाणी मागते, सगळे हसतात, तरी म्हणते. बाळंतपणात तुम्ही रात्र रात्र जागलात माझ्यासाठी. आणि घरातल्या कर्त्या माणसानं सही करून जगाला सांगितलं, की आमचं इथं कुणी नाही. ठराव झाला तेव्हा मी आठव्या महिन्यात होते. टीव्हीवर पाहिलं. मला वाटलं, कुणीतरी येऊन म्हणेल, अगं, ते तसं नाही. कुणी म्हणालं नाही."

जगदेवी पलंगाच्या कडेला बसली. तिला बोलायचं होतं, तेवढ्यात दारात मल्लप्पा दिसला. त्यानं डोळ्यानं खूण केली, तशी ती उठून मागच्या जिन्यात गेली. तिथं दोघं कानडीत बोलू लागले, फार हळू.

"सांगू नकोस," मल्लप्पा म्हणाला.

"पोरगी चाललीय."

"चार दिवसांत येईल. सोमवारी पाइपलाइनची मोजणी आहे. इंजिनीयर येतोय स्वतः. चौदा वर्षांत पहिल्यांदा! सात अर्ज केले मी, सातही अर्जांवर कुणी चहासुद्धा सांडला नाही. या एका ठरावानं सगळं हललं. आता तो खोटा होता असं घरातनंच बाहेर पडलं, तर मला कोण विचारणार? गावाला काय सांगू? पाइपचे खड्डे खणू देत एकदा."

"टीव्हीवाले बी चार दिवसांत जातील म्हणाला होता तुमी."

"मला काय माहीत दगड पडतील म्हणून?" मल्लप्पाचा आवाज फाटला. पासष्टीचा माणूस, जिन्यात भिंतीला पाठ लावून उभा होता. "मला पाणी पाहिजे होतं गं. एवढंच."

जगदेवीला त्याची दया आली. खरंच आली. लबाडी करायला निघालेला हा माणूस नव्हताच. गावच्या बायका अडीच कोसांवरून घागरी आणताना त्यानं पाहिल्या होत्या आणि त्यानं हाताला लागेल ते उचललं होतं. हाताला लागली ती सीमा. कुणालाही हलवून जागं करायला तिच्याएवढी सोपी गोष्ट दुसरी नव्हती. अर्ज वाचायला कुणाला वेळ नसतो, पण 'आमचे' आणि 'तुमचे' म्हटलं की झोपलेलाही उठून बसतो. आणि मग तो कुणाचं ऐकत नाही, उठवणाऱ्याचंही नाही.

"अण्णा," ती म्हणाली. चारचौघांसारखी तीही नवऱ्याला कधी कधी अण्णा म्हणायची, विशेषतः त्याचं ऐकायचं नसलं की. "पाणी सोमवारी येऊ द्या न्हायतर न येऊ द्या. बाळ आज चाललंय."

ती पुढच्या खोलीत गेली. जाता जाता आत डोकावून म्हणाली, "अंकिता, बाहेर ये. बाळाला बी आण. बॅग आणायची असली तर ती बी आण. पण मी काय बोलते ते ऐकून जा."

सगळे जमले. पाळणा एव्हाना शरणबसवनं गच्चीतून आणून आढ्याच्या कड्यांना टांगला होता, मधोमध. त्याच्या अलीकडं उदयसिंह उभा, पलीकडं भीमाशंकर बसलेला. जगदेवीनं पदर खोचला. उभ्या जन्मात तिनं भाषण केलं नव्हतं, तेव्हा ती स्वयंपाकघरात बोलते तशीच बोलली.

"ठराव ह्यांनी लिहिला. पण ते वाक्य माझं हाय."

"कुठलं?" शरणबसव म्हणाला.

"इथं कुणी आपलं मानत न्हाय, ते. गावाकडं गेलतो तवा. मी तुरीतलं खडं निवडत बसले होते, हे आठवा अर्ज लिहीत होते. पाणी द्यावे ही नम्र विनंती! मी म्हटलं, विनंतीनं कोण ऐकतंय हो? मी तुमाला धा वेळा विनंती करते, गॅस संपला, सिलिंडर सांगा. उठता का? मग मी म्हणते, माहेरी जाते, इथं मला कुणी आपलं मानत न्हाय. की लगेच उठता. तसं लिवा की. जातो म्हणा. सरकार बी शेवटी नवऱ्याच्याच जातीचं."

चंद्रिकेच्या तोंडून फिसकन हसू आलं. तिनं पदर तोंडाला लावला.

"मी चेष्टेनं म्हटलं. ह्यांनी लिवलं. 'मला' काढलं आन 'आम्हाला' घातलं, एवढाच काय तो बदल. ग्रामसभेत लोकांनी बी हात वर केले, कारण सगळ्यांना ठावं होतं, कुटं जायाचं न्हाय. लग्न झाल्यापासनं माझी ही धमकी चालू हाय. चाळीस वर्षं. एकदा बी गेले न्हाय मी. जायाचं नव्हतंच कधी." ती अंकिताकडं वळली. "पोरी, तुझ्यासाठनं न्हवतं ते वाक्य. ते नवऱ्यासाठी होतं, मग सरकारसाठी झालं. तू ते वाचशील आन तुला लागंल, हे माझ्या डोक्यात आलं न्हाय. यायला पायजे होतं. आलं न्हाय. आन टीव्हीवर बघितल्यावर तुझ्याजवळ येऊन सांगायला पायजे होतं, ते बी केलं न्हाय, कारण मला लाज वाटली."

अंकितानं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि भिंतीपाशी जाऊन खाली बसली. जाणारं माणूस बसत नाही, एवढं जगदेवीला कळलं.

उदयसिंह मात्र आ वासून उभा होता. "म्हंजी," तो सावकाश म्हणाला, "तुमच्या घरात सिलिंडर कुनी सांगायचा, ह्या भांडणावनं आमच्या धुळाचं डोस्कं फुटलं?"

"व्हय," जगदेवी म्हणाली. "त्याच्या घरी मी येणार हाय. त्याच्या बायकोपुढं उभी राहणार हाय. काय म्हणंल ते ऐकून घेणार."

"आन आमी चौकात 'एक इंच देणार न्हाय' म्हणून बोंबलत हुतो! कोन मागतच नव्हतं व्हय?" तो मटकन बाकावर बसला आणि कपाळाला हात लावून हसायला लागला. त्या हसण्यात राग होता, आणि सुटल्याचं सुखही होतं.

हसला नाही तो भीमाशंकर. त्यानं वर्तमानपत्र नीट घडी करून खुर्चीच्या दांडीवर ठेवलं.

"दाजी," तो मल्लप्पाला म्हणाला, "म्हणजे गावाला आमच्याकडे यायचे नव्हते?"

मल्लप्पानं मान खाली घातली.

"न्हाय रे तम्मा," भावाला उत्तर जगदेवीनं दिलं. "पाणी पायजे होतं."

"मी सभेत काय बोललो, ठाऊक आहे?" तो सगळ्यांकडं बघत, त्याच पुस्तकी मराठीत म्हणाला. "मी म्हणालो, माझी अक्का परत येत आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हाताऱ्याने माझे हात धरले. त्याची बहीण पण इकडेच दिलेली आहे. त्या टाळ्यांनंतर ती मुले बाहेर गेली."

बाळ कुरकुरलं. अंकिता उठली, पाळण्यापाशी आली आणि तिनं बाळाला सरळ भीमाशंकरपुढं धरलं.

"मामाजी, ऊन उतरायच्या आत नाव ठेवायचंय," ती म्हणाली. "आणि अण्णा, मी राहते. पण सोमवारी इंजिनीयर आला की ते वाक्य खोडून त्याच्या हातात ठराव द्यायचा. पाणी मागा. मीही सही करते. पाण्यासाठी आपण कुणाचेच नाही असं म्हणायचं नाही."

"बरं," मल्लप्पा म्हणाला. त्याच्या एका शब्दात चौदा वर्षं होती.

भीमाशंकर मांडी घालून पाळण्याशी बसला. समोर उदयसिंह बसला. बाळ खालून गेलं, वरून आलं. दुसऱ्या वेळी उदयसिंह हळूच म्हणाला, "सर, जेवण झालं की गाडी मी न्हेतो. वळखीचं गॅरेज हाय. रंगाचा डाग दिसणार न्हाय."

"राहू द्या," भीमाशंकर म्हणाला. "दोन दिवस या घरासमोर उभी राहू द्या. यांना दिसली पाहिजे."

"ते बी खरं हाय."

"तुमच्या ड्रायव्हरचे टाके कधी काढणार?"

"बुधवारी."

"मीही येईन. बसने येईन," तो म्हणाला, आणि तिसऱ्यांदा त्यानं बाळ उदयसिंहाच्या हातात दिलं. यावेळी दोघांचे हात जरा जास्त वेळ एकत्र राहिले, कारण बाळानं मामाच्या मनगटातलं कडं धरलं होतं आणि सोडत नव्हतं.

नाव कानात सांगून झालं, आणि पानं मांडली तेव्हा घराची फाळणी पुन्हा झालेली होती, पण वेगळ्या रेघेवर. भीमाशंकर आणि उदयसिंह शेजारी शेजारी बसले. एक बोलायचा, दुसरा मान हलवायचा, आणि दोघांचा विषय एकच, बिराजदार. दोन राज्यांना एका घरानं कसं बनवलं! चंद्रिकाही वारं बघून त्यांच्या बाजूला जाऊन मिळाली. "मी तर पयल्यापासनं म्हणत होते, हे काय बरं न्हाय," ती उदयसिंहाला गव्हाच्या गोड हुग्गीची दुसरी वाटी देत म्हणाली. मल्लप्पा पंगतीच्या टोकाला एकटाच जेवत होता, आणि त्याच्या पानावर तूप वाढायचं सगळे विसरले होते.

जगदेवीला त्याचं काही वाटलं नाही. बॅग आत गेली होती. बाळ पाळण्यात झोपलं होतं. सगळं मनासारखं झालं होतं. ती गरम पोळी घेऊन भावाच्या पानापाशी वाकली, तर त्यानं पानावर आडवा हात धरला.

"पुरे," तो कानडीत म्हणाला.

"एकच खाल्लीस. तुला आवडते म्हणून गुळाची केली. रागावलास, तम्मा?"

"नाही गं." तो खालीच बघत होता. "हिशोब लावतोय. दाजींशी भांडलीस की तू मला फोन करायचीस. येते म्हणायचीस, कायमची. किती वेळा केला असशील?"

"लई वेळा," ती हसून म्हणाली. "ते मनावर घ्यायचं असतंय व्हय?"

"मी दर वेळी वरची खोली झाडून ठेवायचो, अक्का."